स्पीडमास्टर घ्यायचंय, पण कुठलं?

ओमेगाच्या शोरूममध्ये ‘स्पीडमास्टर दाखवा’ म्हटलं, की ट्रेवर एकामागून एक सात-आठ घड्याळं येतात. डायलवर नाव एकच. आतली मशीन वेगळी, माप वेगळं, काच वेगळी, आणि किमतीतला फरक कधीकधी दुपटीच्याही पुढे. घेणारा बहुतेकदा रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी तीन प्रश्न, याच क्रमानं: घड्याळाला चावी देत बसायची तयारी आहे का, मनगटावर ते नीट बसतं का, आणि वरची काच कोणती हवी. या तिन्हींची उत्तरं मिळाली की ट्रेवर दोनच घड्याळं उरतात.

चावी

लोक ज्याला ‘मूनवॉच’ म्हणतात ते ४२ मिमीचं स्पीडमास्टर प्रोफेशनल चावीचं आहे, सेल किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं) नाही. स्पीडमास्टर बाजारात आलं १९५७ मध्ये, नासानं ते अंतराळवीरांसाठी मंजूर केलं १ मार्च १९६५ रोजी. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉचवाली घड्याळं) तेव्हा मिळतच नव्हते, ते आले १९६९ मध्ये. चावीची पद्धत तिथून जी चालत आली ती आजही आहे.

सध्याच्या मूनवॉचमध्ये ३८६१ क्रमांकाची मशीन आहे. पूर्ण चावी दिली की ती ५० तास चालते. रोज सकाळी, घड्याळ हातात घालायच्या आधी, चावी अडेपर्यंत फिरवायची. अडली की थांबायचं. पुढे जोर लावला तर स्प्रिंगचं नुकसान. घड्याळ मनगटावर असताना चावी देऊ नका, कारण बोट तिरकं पडतं आणि आतल्या दांडीवर बाजूनं ताण येतो. या मॉडेलची चावी केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, दोन उंचवट्यांमध्ये थोडी दबलेली आहे, त्यामुळे जाड बोटांच्या माणसाला सुरुवातीला ती त्रासदायक वाटते. दुकानात एकदा स्वतः फिरवून बघा. हा खटाटोप आवडणारी माणसं असतात आणि आठवड्यात कंटाळणारीही असतात.

ज्याच्याकडे तीन-चार घड्याळं आहेत आणि स्पीडमास्टर फक्त शनिवार-रविवारी निघणार आहे, त्याला मूनवॉच उलट सोयीचं पडतं. त्यात तारीख नाही. बंद पडलेलं घड्याळ काढलं, चावी दिली, वेळ लावली, झालं. याउलट ‘स्पीडमास्टर ५७’ हे मॉडेल (४०.५ मिमी, मशीन ९९०६) चावीचंच आहे, ६० तास चालतं, पण त्यात सहाच्या आकड्याजवळ तारीख आहे. तारीख पटकन पुढे ढकलायची सोय त्यात नाही. तास-काटा स्वतंत्रपणे एकेक तास उडी मारतो आणि तो मध्यरात्र ओलांडेल तेव्हाच तारीख बदलते. घड्याळ दहा दिवस कपाटात पडलं असेल तर तास-काटा दहा दिवसांचा फिरवावा लागतो.

हा उड्या मारणारा तास-काटा प्रवास करणाऱ्यांसाठी म्हणून विकला जातो. युरोपात लंडनहून पॅरिसला जाणाऱ्याला तो खरंच उपयोगी आहे. मुंबईहून दुबईला जाणाऱ्याला तेवढा नाही. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, दुबईची चार तास पुढे. फरक दीड तासाचा. तास-काटा एक किंवा दोन तास उडी मारेल, अर्धा तास मारणार नाही. मिनिटं फिरवावीच लागतात, आणि मग सेकंद थांबवून पुन्हा मेळ घालणं आलंच.

चावी नकोच असेल तर रेसिंग किंवा ‘डार्क साइड ऑफ द मून’कडे वळा. त्यांच्यातल्या बहुतेकांत ९९००च्या घराण्यातली ऑटोमॅटिक मशीन असते, पण माप ४४.२५ मिमी आणि उंचीही चांगलीच. फुल शर्टाची कफ त्यावर अडकते. डार्क साइडची केस सिरॅमिकची आहे. तिच्यावर चरे जवळजवळ उठत नाहीत, मात्र फरशीवर आपटली तर स्टीलसारखा पोचा न पडता ती तडकू शकते, आणि तडकलेली केस पॉलिश करून सुधारत नाही, बदलावी लागते.

मनगट

४२ मिमी हा आकडा वाचून बारीक मनगटाची माणसं घाबरतात. खरं माप बघायचं ते पट्टा जिथे जोडतात त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं. मूनवॉचमध्ये ते साधारण ४७ ते ४८ मिमी आहे. पुठ्ठ्याची ४८ मिमीची पट्टी कापा, मनगटाच्या वरच्या सपाट भागावर आडवी ठेवा. दोन्ही टोकं मनगटाच्या आत राहिली तर घड्याळ बसेल. टोकं बाहेर डोकावली तर कितीही आवडलं तरी ते घड्याळ बशीसारखं दिसेल, आणि त्यावर पट्ट्याचा काही इलाज नाही.

सोळा सेंटिमीटरच्या आतल्या मनगटाला तीन रस्ते. पहिला, वर सांगितलेलं ५७. दुसरा, ३९.७ मिमीचं ‘फर्स्ट ओमेगा इन स्पेस’, जे २०२४ मध्ये ३८६१ मशीन घालून पुन्हा आलं. अंतराळवीर वॉली शिरा यांनी ३ ऑक्टोबर १९६२च्या सिग्मा ७ उड्डाणात स्वतःचं स्पीडमास्टर घातलं होतं, त्याच्या धर्तीवरचं हे मॉडेल. चावीभोवती उंचवटे नसल्यामुळे याला चावी देणंही सोपं जातं. पट्टा बदलताना मात्र याचं माप १९ मिमी आहे हे लक्षात ठेवा. बाजारात २० मिमीचे पट्टे ढिगानं मिळतात, १९चे शोधावे लागतात. तिसरा रस्ता, ३८ मिमीचं ऑटोमॅटिक, मशीन ३३३०. घड्याळ चांगलं आहे, पण ज्याच्या डोक्यात मूनवॉच बसलंय त्याचं समाधान याने होत नाही.

३९.७ मध्येच ‘कॅलिबर ३२१’ नावाचं आणखी एक आहे. जुनी ३२१ मशीन ओमेगानं नव्यानं बनवायला घेतली, तिचं स्टीलचं घड्याळ २०२० मध्ये आलं. किंमत साध्या मूनवॉचच्या दुपटीच्या आसपास. या मशीनमध्ये चावी ओढली तरी सेकंद-काटा थांबत नाही, म्हणजे सेकंदाला सेकंद जुळवून वेळ लावता येत नाही. जास्तीचे पैसे मशीनच्या इतिहासाला आणि हाताच्या कामाला आहेत, सोयीला नाहीत, हे समजून घ्या.

काच

बहुतेकांची खरी निवड इथे होते. ४२ मिमीचं काळ्या डायलचं स्टील मूनवॉच दोन काचांमध्ये मिळतं: हेसलाइट आणि सफायर. मशीन दोन्हीत तीच ३८६१. बाकी बऱ्याच गोष्टी बदलतात, आणि विक्रेता त्या सगळ्या सांगतोच असं नाही.

हेसलाइट म्हणजे अ‍ॅक्रेलिक, उच्च प्रतीचं प्लास्टिक. नासाला ते हवं होतं, कारण आघात झाला तर त्याच्या किरचा उडत नाहीत. शून्य गुरुत्वात हवेत तरंगणारी काचेची किरच कुणाला परवडणार? जमिनीवर त्याचा दुसरा फायदा असा, की ओरखडे घरीच निघतात. तोटा तोच, ओरखडे पडतात. दाराची कडी, बसची दांडी, स्कूटरची चावी, सगळ्यांची सही या काचेवर उमटते.

सफायर म्हणजे कृत्रिम नीलमाची काच, हिऱ्याखालोखाल कठीण. रोजच्या वापरात तिच्यावर चरा उठत नाही. तिची कड मात्र जाड असते, आणि घड्याळ तिरकं धरलं की डायलभोवती दुधट पांढरी कडी दिसते. फोटोत ती येत नाही. दुकानातल्या दिव्याखाली घड्याळ मुद्दाम पंचेचाळीस अंशात तिरकं करा आणि बघा, ती कडी डोळ्याला खुपते का. खुपली तर रोज खुपेल. हेसलाइट तिरकं केलं तर डायलच्या कडेचे आकडे पाण्यात बुडाल्यासारखे वाकतात. ज्यांना जुनी घड्याळं आवडतात त्यांना नेमकं हेच हवं असतं.

आता बाकीचे फरक. हेसलाइटच्या डायलवर ओमेगाचं चिन्ह छापलेलं असतं, सफायरमध्ये ते धातूचं, वेगळं बसवलेलं असतं. हेसलाइटची पाठ बंद स्टीलची, तिच्यावर समुद्री घोडा कोरलेला. सफायरची पाठ काचेची, मशीन दिसते. हेसलाइटचा स्टीलचा पट्टा पूर्ण मॅट, सफायरच्या पट्ट्यात मधल्या बारीक कड्या चकचकीत. या चकचकीत कड्यांवर केसासारखे चरे पहिल्याच महिन्यात दिसू लागतात, म्हणजे ओरखडे नकोत म्हणून सफायर घेणाऱ्याला ते पट्ट्यावर मिळतात. सफायरला पैसेही जास्त पडतात.

आमचा कल हेसलाइटकडे आहे. पण वस्तूवर पहिला ओरखडा पडला की ज्याची रात्रीची झोप उडते, त्यानं तत्त्वज्ञान न करता सफायर घ्यावं. २०२४ मध्ये आलेलं पांढऱ्या लॅकर डायलचं मूनवॉच फक्त सफायरमध्ये आहे. काळे काटे पांढऱ्यावर उठून दिसतात आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना ते काळ्या डायलपेक्षा लवकर वाचता येतं.

हेसलाइट घासायची रीत सोपी आहे. पॉलीवॉच नावाची छोटी ट्यूब मिळते. आधी काच ओल्या मऊ कापडानं पुसून धूळ काढा, नाहीतर धुळीचाच कण काचेवर फिरतो. बेझलला, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याला, कडेनं कागदी टेप लावा. मटाराएवढीही नको, त्याच्या निम्मी पेस्ट काचेवर घ्या आणि सुती कापडानं बोटाचा दाब देत दोन-तीन मिनिटं घासा. पुसा, उजेडात बघा, गरज पडली तर पुन्हा. नखाला लागेल इतका खोल चरा पेस्टनं जात नाही. तो कारागिराकडे न्या किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी काच बदलून घ्या. अ‍ॅक्रेलिकला नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांचं वावडं आहे. एक थेंब पडला तरी काच धुरकटते, आणि ते डाग घासून जात नाहीत.

वापरलेलं घ्यायचं असेल तर

३८६१ मूनवॉचमध्ये जानेवारी २०२१ पासून आली. त्याआधीच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या घड्याळांत १८६१ मशीन आहे (काचेच्या पाठीच्या मॉडेलमध्ये तिचीच सजवलेली आवृत्ती, १८६३). ती ४८ तास चालते, मजबूत आहे, भरपूर कारागिरांना येते आणि वापरलेल्या बाजारात स्वस्त पडते. ओळखायची खूण सोपी: चावी बाहेर ओढा. नऊच्या आकड्याजवळचा छोटा सेकंद-काटा थांबला तर ३८६१, चालतच राहिला तर १८६१ किंवा त्याहून जुनी.

रोजच्या आयुष्यात दोघींतला मोठा फरक चुंबकाचा आहे. ३८६१ पंधरा हजार गॉसपर्यंत (गॉस हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) दाद देत नाही. १८६१ला फोनचं चुंबकी कव्हर, लॅपटॉपचं झाकण, ब्लूटूथ स्पीकर यांची बाधा होते. कालपर्यंत ठीक चालणारं घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं, तर सर्व्हिसिंगचा खर्च करण्याआधी होकायंत्र त्याच्याजवळ धरा. सुई हलली तर घड्याळात चुंबक शिरलंय. ते काढायचं यंत्र कुठल्याही बऱ्या कारागिराकडे असतं, काम मिनिटाचं.

१८६१ मध्ये डेलरिनचा, म्हणजे प्लास्टिकचा, एक छोटा ब्रेक असतो आणि त्यावरून ‘आत प्लास्टिक आहे’ अशी ओरड होते. तो भाग आपलं काम चोख करतो. त्यासाठी सौदा मोडू नका.

सौदा मोडायचा तो दुसऱ्या कारणांसाठी. ‘मूनवॉच, छान कंडिशन’ म्हणून दाखवलेलं घड्याळ कित्येकदा ‘रिड्यूस्ड’ निघतं. हे १९८८ पासून आलेलं लहान ऑटोमॅटिक मॉडेल. त्यात क्रोनोग्राफ वेगळ्या मॉड्यूलवर, म्हणजे स्वतंत्र जोडभागावर, मूळ मशीनच्या वर बसवलेला आहे. डायलवर ‘प्रोफेशनल’ शब्द नसतो, ‘ऑटोमॅटिक’ असतो. तिन्ही छोट्या डायल एकमेकांपासून लांब, कडेला सरकलेल्या दिसतात. घड्याळ बाजूनं बघा: चावी आणि दोन बटणं एका रेषेत नसतात, चावी खाली असते. घड्याळ वाईट नाही, पण मॉड्यूल बिघडलं तर ते दुरुस्त करण्यापेक्षा अख्खं बदलण्याकडेच कल असतो. तेव्हा त्याच्यासाठी मूनवॉचची किंमत मोजू नका.

साठच्या दशकातल्या घड्याळांच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊच नये. २०२१ मध्ये जिनिव्हातल्या फिलिप्सच्या लिलावात पहिल्या पिढीचं एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. २०२३ मध्ये खुद्द ओमेगानं सांगितलं, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जोडून उभं केलेलं होतं. लिलावात तज्ज्ञांच्या देखत हे होतं, तर ऑनलाइन फोटो बघून घेणाऱ्यानं काय ओळखायचं?

काउंटरवर काय तपासाल

नवं असो की जुनं, पैसे देण्याआधी दहा मिनिटं मागून घ्या. पूर्ण चावी द्या. दोनजवळचं बटण दाबा, मधला लांब सेकंद-काटा सुटला पाहिजे. सुटताना तो किंचित झटका खातो. मूनवॉचच्या मशीनमध्ये दोन चाकांचे दाते आडवे येऊन एकमेकांत अडकतात म्हणून तसं होतं, तो दोष नाही. (९९०० आणि ९९०६ मध्ये रचना उभी आहे, तिथे काटा लोण्यासारखा सुटतो. तिथे झटका दिसला तर विचारा.) एक मिनिट चालू द्या. काटा बारावरून जाताना तीनजवळच्या छोट्या डायलवरचा मिनिट-काटा पुढच्या रेषेवर गेला का, बघा. पुन्हा तेच बटण दाबून थांबवा, मग चारजवळचं बटण दाबून शून्यावर आणा. क्रोनोग्राफचे तिन्ही काटे नेमके शून्यावर यायला हवेत. हे पाच वेळा करा. लांब काटा एकदा जरी बाराच्या रेषेच्या डावी-उजवीकडे थांबला, तरी काटा सैल आहे किंवा पुन्हा बसवावा लागेल. क्रोनोग्राफ चालू असताना चारचं बटण दाबायचं नाही. बटण अडतं ते अडू द्या, जोर लावू नका.

वापरलेल्या हेसलाइटवर भिंगातून काचेच्या बरोबर मध्यभागी बघा. उजेड तिरका पडला की तिथे ओमेगाचं बारीक चिन्ह दिसतं. दिसलं नाही तर काच बाहेरची, बदललेली आहे. एवढ्यावरून घड्याळ नकली ठरत नाही, पण ते कुठेतरी उघडलं गेलंय एवढं नक्की. मग कुणी उघडलं आणि बिल कुठे आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. केसवरचा सिरीयल नंबर आणि कार्डावरचा नंबर स्वतः जुळवा, विक्रेत्यानं वाचून दाखवला म्हणून मान डोलावू नका.

पाणी, घाम, पट्टा

मूनवॉच ५० मीटरचं आहे. याचा अर्थ हात धुणं, पावसात भिजणं चालेल. पोहणं, मालवणला समुद्रात उतरणं, गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहणं यासाठी ते नाही. बटणं स्क्रूची नाहीत. पाण्यात बटण दाबलं की पाणी आत जायला वाट मिळते. पाण्यातलंच घड्याळ हवं असेल तर २०० मीटरचं ट्यूडर ब्लॅक बे क्रोनो बघा, हट्टानं मूनवॉच घेऊन दर जुलैत धास्तावू नका. काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात घालून वाट बघू नका. त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठा, गंज काही तासांत धरू लागतो. वापरलेल्या घड्याळाची वॉटर टेस्ट पावसाळ्यापूर्वी करून घ्या, रबराचे गास्केट (पाणी अडवणाऱ्या चकत्या) वयानं कडक होतात.

चामड्याच्या पट्ट्यावरचं मॉडेल स्वस्त दिसतं म्हणून भुलू नका. आपल्या एप्रिल-मेच्या घामात चामडं एक-दोन उन्हाळ्यांत वास मारू लागतं, आणि मग ओमेगाचा स्टीलचा पट्टा वेगळा घ्यायला गेलात तर सुरुवातीला वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त जातात. स्टीलवरच घ्या, २० मिमीचा नायलॉनचा पट्टा नंतर हवा तेवढ्यात मिळतो. २०२१ नंतरचा स्टीलचा पट्टा २० मिमीवरून क्लॅस्पजवळ (पट्टा बंद करायच्या खटक्याजवळ) १५ मिमीपर्यंत निमुळता होतो, हातावर फार हलका वाटतो. त्याची एकच तक्रार: २०२१ मध्ये आलेल्या क्लॅस्पमध्ये सैल-घट्ट करायला दोनच टप्पे आहेत. दुपारी हात सुजतो, तेव्हा जरा कुरबूर होते.

पैसे आणि कागद

भारतात दोन लाखांच्या पुढच्या खरेदीला पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला दुकानदाराला कायद्यानं बंदी आहे. ‘रोखीत द्या, कमी करतो’ म्हणणारा तुम्हाला बिल देणार नाही, आणि बिल नाही म्हणजे घड्याळ विकताना निम्मी बाजू लंगडी. दहा लाखांच्या पुढच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस (विक्रेत्यानं सरकारसाठी गोळा करायचा कर) कापला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो. स्टीलच्या साध्या मूनवॉचला तो प्रश्न येत नाही, सोन्याच्या मॉडेलला येतो.

परदेशातून आणायचं असेल तर बऱ्याच देशांत तिथला व्हॅट परत मिळतो, पण इथे विमानतळावर रेड चॅनलला ड्युटी भरावी लागते आणि फायदा बराचसा तिथेच उरकतो. हातात घालून ग्रीन चॅनलमधून जाण्याचा सल्ला मित्र देतात. पकडलं तर दंड मित्र भरत नाहीत. उलट, इथून घेतलेलं घड्याळ घालून परदेशी जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परतताना वाद होत नाही. ओमेगाची वॉरंटी पाच वर्षांची आणि जगभर चालणारी आहे, त्यामुळे कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे का, हे तिथेच बघा.

सगळं ठरलं, की शोरूममध्येच पट्ट्याच्या कड्या काढून माप करून घ्या. शक्यतो दुपारनंतर, हात थोडा सुजलेला असताना. घड्याळ आणि मनगटाच्या मध्ये करंगळी जेमतेम शिरेल इतपत. काढलेल्या कड्या मागून घ्या, मोजा, आणि डब्यात ठेवा.